मूत्रपिंड चांगलेही बाहेर का काढते? नववीच्या वर्गातले दोन प्रश्न

विज्ञानशिक्षक_नववी:

नमस्कार. मी गेली अकरा वर्षे एका ग्रामीण माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. उत्सर्जन संस्थेचा भाग आला की वृक्क (म्हणजे मूत्रपिंड) रक्त गाळून त्यातील टाकाऊ पदार्थ शरीराबाहेर टाकते, हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहीत आलो आहे. या आठवड्यात त्या वाक्यावरून दोन विद्यार्थिनींनी दोन प्रश्न विचारले आणि दोन्हींची उत्तरे मला नीट देता आली नाहीत, म्हणून येथे लिहीत आहे.

दोन्ही वृक्के मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि लघवी मात्र दीड लिटरच्या आसपास होते, असे मी सांगितले होते. त्यावर पहिली म्हणाली, “सर, बाकीचे सगळे परतच घ्यायचे होते तर आधी बाहेर काढले कशाला? घाण तेवढीच उचलून का टाकत नाही?” मी चहाच्या गाळणीचे उदाहरण दिले होते. तिचा प्रश्न ऐकल्यावर लक्षात आले की गाळणीत नको असलेला चोथा वर राहतो आणि हवा असलेला चहा खाली उतरतो, तर वृक्कात हवे-नको दोन्ही एकत्रच खाली उतरते; म्हणजे माझे उदाहरणच चुकीचे होते.

दुसरीने विचारले की दिवसभर लघवी अडवून धरली तर ती परत किडनीत आणि तिथून रक्तात जाते का. वर्गात हशा झाला, पण ती मुलगी हसली नाही. हा प्रश्न तिने केवळ कुतूहलाने विचारला नसावा असे मला तेव्हापासून वाटत आहे.

नववीच्या मुलांना समजेल, पण सोपे करताना खोटे होणार नाही, असे उत्तर जाणकारांनी सुचवावे ही विनंती.

शरीरक्रिया_अध्यापिका:

सर, आपल्या पहिल्या विद्यार्थिनीच्या प्रश्नापाशी संशोधकही बरीच वर्षे अडले होते, हे तिला अवश्य सांगा. १८४२ साली लंडनमध्ये विल्यम बोमन यांनी मूत्रपिंडातल्या रक्तकेशिकांच्या पुंजक्याभोवतीचे संपुट सूक्ष्मदर्शकाखाली नीट दाखवले, पण त्यांची समजूत अशी होती की पुंजक्यातून फक्त पाणी झरते आणि टाकाऊ पदार्थ पुढे नलिकेच्या पेशी त्यात सोडतात. त्याच सुमारास जर्मनीत कार्ल लुडविग यांनी नेमके उलट मांडले: प्रथिने वगळता रक्तद्रवातले जवळजवळ सगळेच पुंजक्यातून दाबाने बाहेर पडते आणि त्यातले हवे ते नलिका परत घेतात. त्यांच्या मांडणीवर घेतला जाणारा आक्षेप आपल्या विद्यार्थिनीच्या आक्षेपासारखाच होता, की इतका उलटा व्यवहार शरीर कशाला करील. निर्णायक पुरावा मिळाला तो १९२४ साली. फिलाडेल्फियात जोसेफ वर्न आणि ए. एन. रिचर्ड्स यांनी बेडकाच्या मूत्रपिंडातल्या एकाच संपुटात अतिशय बारीक काचनळी घालून तिथला द्रव काढला. त्या थेंबात साखर आणि क्लोराइड होते. मूत्राशयातल्या लघवीत मात्र ते सापडले नाहीत. म्हणजे वाटेत कोणीतरी ते परत घेतले होते.

आता आकड्यांकडे पाहू. दोन्ही मूत्रपिंडांचे मिळून वजन साधारण ३०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास. पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा, मिनिटाला एक लिटरहून अधिक, त्यांच्याकडे जातो. प्रत्येक मूत्रपिंडात सरासरी दहा लाख नेफ्रॉन, म्हणजे पुंजका, संपुट आणि नलिका मिळून बनलेली गाळण्याची एकके, असतात. पुंजक्यात रक्त आणणारी वाहिनी रुंद आणि नेणारी अरुंद असल्यामुळे तिथला दाब इतर केशिकांपेक्षा बराच जास्त राहतो, आणि त्या दाबामुळे मिनिटाला १२५ मिलिलिटर द्रव संपुटात उतरतो. रक्तपेशी मागे राहतात, कारण त्या फार मोठ्या असतात. अल्ब्युमिनसारखी प्रथिने मागे राहतात ती आकारामुळे आणि त्यांच्यावरच्या ऋण विद्युतभारामुळे. बाकी पाणी, मीठ, साखर, अमिनो आम्ले, युरिया, औषधे, सगळे एकाच प्रवाहात खाली येते. दिवसभरात त्यात साधारण १८० ग्रॅम साखर आणि जवळजवळ दीड किलो मीठ असते. आपण दिवसाला दहा-बारा ग्रॅम मीठ खातो, त्याच्या शेजारी हा आकडा ठेवला की मुले थक्क होतात, असा माझा अनुभव आहे.

आपल्या गाळणीऐवजी मी दिवाळीच्या साफसफाईचे उदाहरण देते. माळा साफ करायचा असतो तेव्हा आपण अंधारात हात घालून नको त्या वस्तू शोधत बसत नाही. सगळे सामान खाली अंगणात काढतो, लागणाऱ्या वस्तू ओळखून परत वर ठेवतो आणि जे उरते ते टाकून देतो. या पद्धतीचा मोठा फायदा असा की टाकायच्या वस्तूंची यादी करावी लागत नाही. अन्नातून, औषधांतून, एखाद्या रानभाजीतून शरीरात असा कोणताही पदार्थ येऊ शकतो जो आपल्या पूर्वजांच्या शरीराने कधी पाहिलेला नव्हता, आणि त्या प्रत्येकासाठी वेगळे दार ठेवणे अशक्य आहे. उलट, हव्या असलेल्या पदार्थांची यादी मर्यादित आणि ओळखीची असते: सोडियम, साखर, अमिनो आम्ले, बायकार्बोनेट, पाणी आणि असे आणखी काही. नलिकेच्या पेशींवर या ओळखीच्या पदार्थांसाठी वाहक प्रथिने असतात. पाण्यात विरघळणारा जो पदार्थ कोणी उचलून घेत नाही, तो आपोआप लघवीत जातो.

उदाहरणाची मर्यादाही सांगायला हवी. काही पदार्थ नलिकेच्या पेशी रक्तातून उचलून स्वतःहून नलिकेत टाकतात, म्हणजे बोमन यांचेही अगदीच चुकले नव्हते. पेनिसिलिन अशा रीतीने इतक्या झपाट्याने बाहेर पडते की १९४१ साली ऑक्सफर्डमध्ये पहिल्या रुग्णाला ते देताना साठा तुटपुंजा असल्याने त्याच्या लघवीतून पेनिसिलिन पुन्हा वेगळे काढून त्यालाच टोचावे लागले होते.

दुसरा फायदा वेगाचा आहे. शरीरात रक्तद्रव साधारण तीन लिटर, आणि गाळला जाणारा द्रव १८० लिटर. म्हणजे तोच रक्तद्रव दिवसातून साठ वेळा तपासला जातो. एखाद्याने खारट पदार्थ भरपूर खाल्ले किंवा एकदम लिटरभर पाणी प्यायले, तर परत घेण्याचे प्रमाण किंचित बदलून काही तासांत तोल सावरता येतो.

परत घेण्याचे काम नलिकेच्या वेगवेगळ्या भागांत वाटलेले आहे. संपुटाला लागून असलेल्या पहिल्या वळणदार भागात पाणी व सोडियम यांचा सुमारे दोन तृतीयांश वाटा, आणि साखर व अमिनो आम्ले जवळजवळ सगळी, परत रक्तात जातात. त्यानंतरचा हेन्लेचा पाश मात्र मला या सगळ्या रचनेत सर्वांत विलक्षण वाटतो आणि त्याच्यावर वर्गात पाच मिनिटे जास्त द्यावीत असे मी सुचवीन. हा पाश केसपिनेसारखा खाली जाऊन वर येतो. त्याची वर येणारी भुजा मीठ बाहेर उपसते, पण पाणी सोडत नाही. खाली जाणारी भुजा पाणी सोडते. दोन प्रवाह शेजारून उलट दिशांनी वाहत असल्यामुळे प्रत्येक पातळीवरचा थोडा थोडा फरक साठत जातो, आणि मूत्रपिंडाच्या आतल्या गाभ्यात रक्ताच्या चौपट खारटपणा तयार होतो. शेवटची संग्राहक नलिका याच खारट प्रदेशातून खाली उतरते. शरीराला पाण्याची गरज असली की मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून एक संप्रेरक सुटते, त्याच्या आज्ञेने संग्राहक नलिकेच्या भिंतीत पाण्याच्या वाटा उघडतात, आणि बाहेरच्या खारटपणामुळे पाणी आपोआप ओढले जाऊन रक्तात परत जाते. या वाटा म्हणजे अॅक्वापोरिन नावाची प्रथिने. त्यांच्या शोधासाठी पीटर अॅग्रे यांना २००३ साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. उन्हाळ्यात दुपारी लघवी गडद पिवळी आणि थोडी होते, ती याच कारणाने. तरीही एक मर्यादा राहतेच: दिवसभरात जमणारे युरिया व क्षार बाहेर नेण्यासाठी किमान अर्धा लिटर पाणी खर्च करावेच लागते, माणूस कितीही तहानलेला असो.

तेव्हा फळ्यावरचे वाक्य मी असे लिहीन: मूत्रपिंड रक्तातला बराचसा द्रव बाहेर काढते, त्यातले सुमारे ९९ टक्के पाणी आणि हवे असलेले पदार्थ मोजून परत घेते, आणि उरलेल्याला आपण लघवी म्हणतो.

प्रयोगशाळा_तंत्रज्ञ:

ताईंनी इतके नेमके लिहिले आहे की त्यात भर घालण्यासारखे थोडेच आहे, पण रोज रक्त-लघवीचे नमुने तपासणारा माणूस म्हणून एक बाजू मांडतो. आमच्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक अहवाल याच “परत घेण्या”बद्दल काहीतरी सांगत असतो.

साखरेचे पाहा. नलिकेतल्या वाहकांची संख्या ठरलेली असते. रक्तातली साखर १०० मिलिलिटरला साधारण १८० मिलिग्रॅमच्या पुढे गेली की सगळे वाहक गुंतलेले असतात आणि उरलेली साखर लघवीत उतरते. ती आपल्याबरोबर पाणी ओढून नेते, म्हणून साखर फार वाढलेल्या माणसाला वारंवार लघवी होते आणि तहान लागते. याच यंत्रणेचा उपयोग आता उपचारासाठीही होतो. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ साली वेगळ्या काढलेल्या फ्लोरिझिन या पदार्थामुळे लघवीत साखर जाते हे जुनेच निरीक्षण होते. त्याच धाग्यावरून पुढे डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधे तयार झाली, जी साखर परत घेणारा मुख्य वाहकच रोखतात. ही औषधे घेणाऱ्या रुग्णाच्या लघवीत साखर दिसणे अपेक्षितच असते, त्यामुळे तेवढ्यावरून घरच्यांनी घाबरू नये.

क्रिएटिनिन हा याच्या उलट नमुना आहे. स्नायूंमध्ये ते रोज ठरावीक प्रमाणात तयार होते, पुंजक्यातून मोकळेपणाने गाळले जाते आणि नलिका ते परत घेत नाहीत, म्हणून त्यावरून गाळण्याचा वेग ओळखता येतो. मात्र लोक अहवालातली “१.२” ही संख्या पाहतात, ती छापील मर्यादेत आहे असे बघून कागद घडी घालून ठेवतात, आणि मला त्याचे मनापासून वाईट वाटते. पंचवीस वर्षांच्या धडधाकट पुरुषाचे क्रिएटिनिन १.२ असेल तर आजच्या प्रचलित सूत्राने गाळण्याचा वेग मिनिटाला सुमारे ८६ मिलिलिटर येतो. सत्तर वर्षांच्या स्त्रीचे तेच १.२ असेल तर वेग ४९ च्या आसपास येतो. बारीक अंगकाठीच्या वृद्धांत स्नायू कमी, म्हणून क्रिएटिनिनही कमीच तयार होते आणि आकडा खोटा दिलासा देतो. शिवाय वेग निम्मा होईपर्यंत क्रिएटिनिन फारसे वर चढत नाही. त्यानंतर ते भराभर वाढते. म्हणून अहवालावर ईजीएफआर या नावाने छापलेला वेगाचा आकडा वाचावा, आणि मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी वर्षातून एकदा तरी करून घ्यावी. पुंजक्याची भिंत झिरपू लागली की अल्ब्युमिन थोडे थोडे उतरू लागते, आणि पुष्कळदा ही खूण क्रिएटिनिन वाढण्याच्या कितीतरी आधी दिसते. त्या काळात माणसाला कसलाही त्रास जाणवत नसतो.

डायलिसिस_विभागातील_कर्मचारी:

मी नऊ वर्षे डायलिसिसच्या यंत्रांपाशी काम करतो. सरांच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला रोज वेगळ्या वाटेने दिसते, ते सांगतो.

आमच्या यंत्राला काहीही परत घेता येत नाही. गाळणीच्या नळकांड्यात केसासारखे पोकळ हजारो धागे असतात. त्यांच्या आतून रक्त आणि बाहेरून विशिष्ट प्रमाणात क्षार मिसळलेले शुद्ध पाणी वाहते. धाग्यांच्या भिंतीतून जास्त प्रमाणाकडून कमी प्रमाणाकडे पदार्थ सरकतात, एवढ्याच तत्त्वावर सगळे चालते. युरिया पाण्यात नसतो, म्हणून तो रक्तातून तिकडे जातो. मग सोडियम का निघून जात नाही? कारण आम्ही ते त्या पाण्यात आधीच रक्ताइतके घालून ठेवलेले असते. साखरही याच कारणासाठी घालतात. म्हणजे मूत्रपिंड जे काम परत घेऊन करते, तेच आम्हाला आधी भरपाई करून ठेवून करावे लागते. एका वेळी चार तास, मिनिटाला ५०० मिलिलिटर या हिशेबाने एका रुग्णासाठी १२० लिटर शुद्ध पाणी लागते, आणि हे आठवड्यातून तीनदा. एवढे करूनही निरोगी मूत्रपिंडांच्या कामाचा लहानसा भागच साधतो, कारण ती २४ तास चालू असतात.

असे व्यवहारात उपयोगी पडलेले पहिले यंत्र १९४३ साली नेदरलँड्समधल्या कांपेन गावी विलेम कोल्फ यांनी जर्मन ताब्याच्या काळात, मिळेल त्या सामानातून बनवले. रक्त फिरवण्यासाठी त्यांनी सॉसेजच्या आवरणासाठी वापरतात ती सेलोफेनची नळी घेतली होती. सुरुवातीचे जवळजवळ सगळे रुग्ण दगावले. १९४५ साली एक ६७ वर्षांची स्त्री त्या उपचाराने वाचली.

यंत्राला आणखी एक गोष्ट जमत नाही. रक्त तयार करण्याचा आदेश देणारे एरिथ्रोपोइटिन नावाचे संप्रेरक मुख्यतः मूत्रपिंडातच तयार होते, आणि ड जीवनसत्त्वाला अखेरचे कार्यक्षम रूपही तिथेच मिळते. म्हणून आमच्याकडच्या रुग्णांना रक्त वाढवणारी इंजेक्शने द्यावी लागतात आणि हाडांची काळजी वेगळी घ्यावी लागते. रुग्णाचे नातेवाईक विचारतात, “रक्त शुद्ध झाले ना, मग अशक्तपणा कसला?” त्यांना मी हेच समजावून सांगतो.

परिचारिका_मूत्रविकार_विभाग:

दुसऱ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे अजून कोणी वळले नाही, म्हणून लिहिते. तिला उत्तर द्या, सर, आणि सगळ्या वर्गासमोर द्या.

परत घेण्याचे काम संग्राहक नलिकेच्या टोकाशी संपते. तिथून पुढे मूत्रपिंडाचे नरसाळे, मूत्रवाहिनी, मूत्राशय, या सगळ्यांचे आतले अस्तर असे असते की लघवीतले फारसे काही त्यातून आरपार जात नाही. मूत्रवाहिनी २५ ते ३० सेंटिमीटर लांबीची स्नायूंची नळी आहे आणि अन्ननलिकेप्रमाणे तिच्यातही लाटा येतात, म्हणून आडवे झोपलेल्या माणसाचीही लघवी मूत्राशयाकडेच जाते. शिवाय ती मूत्राशयाच्या भिंतीतून तिरकी शिरते. मूत्राशय भरत गेले की भिंत ताणून तिचे हे शेवटचे टोक दाबले जाते आणि उलटी वाट बंद होते. तेव्हा निरोगी मुलीने दोन तास लघवी अडवली तर ती किडनीत किंवा रक्तात जात नाही, हे तिला निश्चिंतपणे सांगा. काही लहान मुलांत ही तिरकी रचना जन्मतः अपुरी असते आणि लघवी उलट चढते. अशा मुलांना वारंवार ताप व संसर्ग होतो, आणि त्याची तपासणी डॉक्टरांकडे करावी लागते.

मूत्राशयात दीडशे-दोनशे मिलिलिटर जमले की मोठ्या माणसाला पहिली जाणीव होते आणि चारशे-पाचशेपर्यंत ते सहज भरते. आतला दरवाजा आपल्या हाती नसतो. बाहेरचा स्नायू आपल्या ताब्यात असतो, आणि तो सैल करायला हरकत नाही असे मेंदू ठरवतो तेव्हाच मूत्राशय आकुंचन पावते. त्यामुळे थोडा वेळ थांबता येणे हे निसर्गाने दिलेलेच आहे.

पण रोज सकाळी साडेदहापासून संध्याकाळी पाचपर्यंत थांबणे ही वेगळी गोष्ट आहे. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर असतो, पुरुषांचा वीसच्या आसपास. त्यामुळे जंतूंना मुलींच्या मूत्राशयापर्यंत पोचणे सोपे जाते. लघवी होते तेव्हा ते जंतू धुऊन निघतात. ती तासन्‌तास होतच नाही, तेव्हा त्यांना वाढायला वेळ मिळतो. आमच्या बाह्यरुग्ण विभागात जळजळ आणि ताप घेऊन येणाऱ्या शाळकरी मुलींना मी विचारते की शाळेत पाणी किती पितेस, आणि बहुतेकींचे उत्तर एकच असते: पीतच नाही, कारण मग जावे लागते. वर ताईंनी लिहिले आहे की शरीर अर्धा लिटर तरी खर्च करतेच. पाणी न पिणाऱ्या मुलीची लघवी मग तेवढ्यातच सगळे क्षार घेऊन निघते, आणि अशी दाट लघवी वर्षानुवर्षे होत राहिली तर मूतखड्याचा धोकाही वाढतो. सर, प्रश्न विचारणारी मुलगी हसली नाही असे आपण लिहिले आहे. तिने पाणी पिणे सोडले आहे का, हे एखाद्या शिक्षिकेकडून तिला एकटीला विचारून घ्यावे असे मला वाटते.

विज्ञानशिक्षक_नववी:

सर्वांचे मनापासून आभार. काल वर्गात माळ्याचे उदाहरण घेतले; एका मुलाने लगेच विचारले की आजीची जुनी पेटी कोणी ओळखलीच नाही आणि चुकून टाकली गेली तर काय, आणि त्यावरून वाहक कमी पडल्यावर साखर लघवीत कशी जाते हे सांगणे सोपे झाले. दीड किलो मिठाचा आकडा पटावा म्हणून मिठाची एक किलोची आणि एक अर्ध्या किलोची अशा दोन पिशव्या टेबलावर ठेवल्या होत्या.

दुसऱ्या मुलीशी आमच्या सहकारी शिक्षिका बोलल्या. ती सकाळी घरून निघाल्यापासून संध्याकाळी परत जाईपर्यंत पाणी पीत नाही, आणि तिच्या बाकावरच्या दोघीही पीत नाहीत. मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप असते, किल्ली कार्यालयात असते, आणि ती मागायला पुरुष लिपिकाकडे जावे लागते. इतक्या वर्षांत हे माझ्या लक्षातच आले नव्हते. मुख्याध्यापकांशी बोलणे झाले आहे. सोमवारपासून कुलूप निघेल, आणि आतल्या नळाला पाणी येत नाही त्याचे काम या आठवड्यात करून घेत आहोत. परिचारिका ताईंना एक विचारायचे राहिले: सहा-सात तासांच्या शाळेत नववीच्या मुलीने साधारण किती पाणी प्यावे असे सांगू?

परिचारिका_मूत्रविकार_विभाग:

मापाची बाटली ठरवून देण्यापेक्षा रंग पाहायला शिकवा. लघवी फिकट पिवळी असेल तर पाणी पुरेसे आहे, गडद पिवळी असेल तर कमी पडते आहे. आपल्याकडच्या उन्हात शाळेच्या वेळात एक लिटरची बाटली बहुतेक मुलींनी संपवावी, खेळाच्या तासाला थोडे अधिक, आणि मधल्या सुट्टीत जाणीव असो वा नसो एकदा स्वच्छतागृहात जाऊन यावे. नळाचे काम झाले की मुलींना आधी ते दाखवा. पाणी येते हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्या बाटली उघडणार नाहीत.